थोरलीचा सव्वा महिना

८ फेब्रुवारी, रविवार

लिही वहिदा. आधी हे लिही, की सांगणारी मी, कौसाबाई, आणि लिहिणारी शेजारची वहिदा मास्तरीण. मला अक्षर येत नाही. वहिदाला येतं, पण तिच्याजवळ सांगण्यासारखं काही नाही. म्हणून आमचं जमतं. हसू नको, अक्षर वाकडं येईल.

मी ‘लई’ म्हटलं की ही ‘फार’ लिहिते. शाळेतून रिटायर झाली, पण मास्तरकी अंगातून जात नाही.

तर डायरी कशाला? दीपमालानं, माझ्या नातीनं, माशांसाठी वही घातलीय. कुणी किती खाल्लं, कोण कसं पोहलं. मी जन्मभर काय खाल्लं ते कुणी लिहून ठेवलं नाही. म्हटलं, आपलीही एक होऊ दे.

आज समुद्राचे मासे आले! नांदेडात! चेन्नईहून हैदराबाद आणि तिथून सकाळच्या बसनं, थर्माकोलच्या खोक्यात, एकेकाला वेगळी पिशवी. रास म्हणतात त्या जातीला. मला तर रास म्हटलं की खळ्यावरची ज्वारीच दिसते. समुद्रही पिशवीतूनच येतो. मीठ गाळलेल्या पाण्यात कालवायचं, झाला समुद्र.

चार मासे आहेत. एक नवरा, तीन बायका. नवरा हिरवागार, अंगावर केशरी-निळे पट्टे, जणू लग्नाला निघालाय. बायका साध्या, पिवळट, निळ्या रेघांच्या, पंखावर काळा टिपका. आपल्यात बाई नटते, त्यांच्यात बाप्या. मी नावं ठेवून टाकली: पाटील, थोरली, मधली, धाकटी.

लातूरला एका डॉक्टरीणबाईंचा लहान मुलांचा दवाखाना आहे. तिथं भिंतीएवढी काचेची पेटी दीपमालानं उभी केलीय, आत जिवंत फुलं आहेत, समुद्रातली. त्यात हे मासे सोडायचे. पण एकदम सोडता येत नाहीत. अंगावर रोग घेऊन आले असले तर? आणि तिथं औषध टाकलं तर ती फुलं मरतात. म्हणून आधी आमच्या पुढच्या खोलीत, लहान पेटीत, सव्वा महिना वेगळे ठेवायचे.

मी म्हटलं, “म्हणजे बाळंतिणीसारखं की!”

“तसंच आज्जी. यांची जाळी वेगळी, बादली वेगळी. हात धुतल्याबिगर कुणी शिवायचं न्हाई.”

हे मला कळतं. चार सुना-लेकींची बाळंतपणं केलीत मी.

पाडव्याला निकाल आहे. हैदराबादची नोकरी सोडून पोरगी या माशांच्या धंद्यासाठी आली तेव्हा वैजनाथनं, माझ्या लेकानं, सांगितलं, “पाडव्यापर्यंत खोली तुझी. न्हाई जमलं तर खोली भाड्यानं अन् तू परत हैदराबादला.” मला विचारलं नाही कुणी. विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, जाऊ दे तिला, घरात चहा जास्त लागतो.

एक गोष्ट दीपमालाला सांगायची नाही वहिदा. ती हात धुवायला गेली तेव्हा मी माझ्या पदराच्या गाठीतला तांब्याचा पैसा त्या पेटीत टाकला. निजामाच्या वेळचा, सासूनं दिलेला. गंगेच्या, म्हणजे आपल्या गोदावरीच्या, पुलावरून जाताना मी कधी हात रिकामा ठेवला नाही. आणि समुद्र म्हणजे गंगेचं सासर. तो घरी चालून आला, मग त्याला कोरडं कसं बघायचं? पेटीत एका डब्यात वाळू ठेवलीय, माशांना निजायला. पैसा नेमका त्या वाळूत पडला. पाटलानं त्याच्यावरच बुडी मारली आणि झाकून टाकला. म्हटलं, पोचला.

१० फेब्रुवारी

आज घरात रडारड होता होता राहिली. पेटी रिकामी! चारातला एकही दिसेना. सिंधु, माझी सून, म्हणाली, “आत्याबाई, विरघळले वाटतं.” अंडंसुद्धा न शिवणारं घर आमचं. तिला मासा म्हणजे मिठाचा खडाच वाटतो.

दीपमाला गालात हसली. “वाळूत झोपलेत आई. प्रवासानं त्यांची रात्र अन् दिवस उलटा झालाय. आपणहून येतील.”

मी खुर्ची टाकून बसले. दुपारी वाळू हलली. आधी एक तोंड वर आलं. मग डोळा. डोळा असा गरागरा फिरला, सासरी पहिल्या दिवशी उठलेल्या पोरीसारखा. मग सळ्ळकन सगळी बाहेर आली. थोरली! मी इतक्या जोरात ओरडले की वैजनाथ दुकानातून धावत आला. त्याचं इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान शेजारच्याच गाळ्यात आहे.

“काय झालं माय?”

“उठली!”

“कोण?”

त्यानं पेटीकडं पाहिलं, तोंड वाकडं केलं, आणि म्हणाला, चष्मा शोधायला आलो होतो. चष्मा डोक्यावरच होता. वय होत चाललंय लेकाचं.

खाण्याला बारीक कोळंबी लागते, बर्फात गोठवलेल्या वड्यांची. ती आमच्या फ्रिजात ठेवायला सिंधु मेली तरी तयार नाही. ती वहिदाच्या फ्रिजात आहे. दीपमाला भिंतीवरून हाक मारते, “चाची, दोन वड्या!” आणि वहिदा डबी पुढं करते. त्यामुळे या माशांचं माहेर वहिदाकडं आणि सासर आमच्याकडं.

१४ फेब्रुवारी

पाटील गेला.

झाकणाला हवेच्या नळीपुरती फट होती. एवढीशी. तेवढ्यातून उडी मारली. सिंधुला झाडताना सापडला, दाराजवळ, पट्टे तसेच चमकत होते. तिनं केरसुणी टाकली आणि पदर तोंडाला लावला. मासा म्हणजे मिठाचा खडा म्हणणारी बाई!

दीपमाला भिंतीला टेकून बसली. डॉक्टरीणबाईंना तोच हवा होता. फोटो पाहून त्यांनीच निवडलेला. पोरांनी त्याचा रंग पाहावा आणि सुई विसरावी, असं म्हणाल्या होत्या. फोन केला तर म्हणाल्या, “मासा कोणता ते तू बघ. पण रंगीत पाहिजे, आणि पाडव्याच्या आत.”

मी म्हटलं, “दुसरा नवरा मागव.”

“त्याचा सव्वा महिना कधी धरायचा आज्जी? आता थोरलीच पाटील होईल.”

“म्हणजे कारभार बघंल?”

“न्हाई. खरंच नर होईल. नर मेला की सगळ्यात मोठी मादी नर होते. रंग पण बदलतो. पण किती दिवसांत ते सांगता येत न्हाई.”

वहिदा, तू आत्ता थांबलीस तशीच मी थांबले होते. मग जी हसू लागले, ठसका लागला. बाईचा बाप्या! म्हणजे देवानं समुद्रात सोय केली आणि जमिनीवर विसरला.

तसं नवल कशाला म्हणा. वैजनाथ मांडीवर होता तेव्हा त्याचा बाप गेला. तूर घेऊन अहमदपूरच्या बाजारात मीच जायची. अडत्याशी मीच भांडायची. गावात म्हणायचे, कौसाचा आवाज जाडा झाला. झाला असेल. आरसा बघायला वेळ कुणाला होता?

आता मी रोज थोरलीकडं बघते. काय गं बाई, होतेस का?

२१ फेब्रुवारी

वहिदाचे रोजे सुरू झाले. दुपारी तिचं अक्षर वाळलेल्या वांग्यासारखं येतं, म्हणून आज थोडक्यात सांगायचं ठरवलं होतं. पण थोडक्यात होईल असं काही घडतच नाही आमच्या घरी!

मधलीच्या अंगावर पांढरे ठिपके. मीठ शिंपडल्यासारखे. मग थोरलीवर, मग धाकटीवर. मी पाहताक्षणी ओळखलं. देवी आल्या! लगेच दाराला कडुलिंबाचा डहाळा लावला आणि सिंधुला सांगितलं, ठिपके जाईपर्यंत घरात फोडणी नाही, चुर्र आवाज नाही. पोरांना कांजण्या आल्या की करतो तसंच.

“आत्याबाई, माशांना कांजण्या?”

“तुला आल्या तेव्हा तुझ्या आईनं फोडणी घातली होती का?”

बिचारीनं कढई उतरवून ठेवली. वैजनाथनं बिनफोडणीचं वरण मुकाट्यानं खाल्लं. तोंडी लावायला ठेचासुद्धा मागितला नाही. भूक नसेल.

दीपमाला म्हणाली, याच्यासाठीच वेगळे ठेवतात, आता औषध सुरू करू. औषध कसलं, ठाऊक आहे? तांब्याचं! पाण्यात तांब्याचे थेंब टाकायचे, म्हणजे ठिपक्यांचे किडे मरतात. माझ्या छातीत आनंद मावेना. माझा पैसा तर पहिल्या दिवसापासून कामाला लागलाय! म्हणजे दुहेरी औषध. बोलणार होते, पण जीभ चावली. आधी बऱ्या होऊ देत, मग ऐटीत सांगीन.

२६ फेब्रुवारी

औषध किती झालं ते बघायला दीपमाला एका काचेच्या नळीत पाणी घेते, त्यात थेंब टाकते, रंग येतो. मला अक्षर कळत नाही पण रंग कळतो. परवा फिका निळा होता. नीळ देऊन धुतलेल्या धोतरासारखा. आज तर काय सुंदर निळा! मोरपंखी! मी म्हटलं, “वा गं, चांगलं लागू होऊन राहिलं औषध!”

पोरीचा चेहरा उतरला. “आज्जी, मी कालपासून थेंबसुद्धा टाकला न्हाई. कमी व्हायला पायजे, वाढून राहिलंय.” मग ती नळीला दोष देऊ लागली, खोक्यावरचं परत परत वाचू लागली.

ठिपके गेले, हे चांगलं. पण खाईनात. तिघीही कोपऱ्यात. कल्ले भाताच्या भांड्याच्या झाकणासारखे लटलट उडतात. बाळंतिणीला अशी सुस्ती येते, जाईल.

हैदराबादहून फोन आला होता. दीपमाला मागच्या दारी जाऊन बोलत होती. “एक महिना थांबा सर,” एवढंच मला ऐकू आलं. कुणी भाडेकरू असेल.

१ मार्च

वहिदा, आजचं नीट लिही.  

दुपारी लाईट गेली. पेटीत हवा सोडणारी मोटार बंद. धाकटी आडवी झाली, कुशीवर. दीपमाला ओरडली, “आज्जी, तांब्या घे, पाणी वरून ओत, बुडबुडे झाले पायजेत!” तांब्या म्हणजे प्लास्टिकचा मग, हे आधीच शिकवलेलं तिनं. मी उभं राहून ओतायला लागले. वर न्यायचं, खाली सोडायचं. खांदे भरून आले, तरी काय ती तऱ्हा, अंगात वीज शिरली होती माझ्या! तेवढ्यात वैजनाथ दुकानातून विकायची नवी बॅटरी डोक्यावर घेऊन आला. तारा जोडल्या, मोटार भुर्रर्र सुरू झाली. म्हणाला, “बॅटरी टेस्टच करायची होती.” लेकाला मुहूर्त कळतो.

दीपमालानं पुन्हा नळीत पाणी घेतलं. निळंशार. आज पैठणीसुद्धा लाजेल. पण पोरीच्या डोळ्यांत पाणी.

“तांबं कुठून तरी येऊन राहिलंय,” ती म्हणाली. “जास्त झालं की हेच औषध जहर हाय. पण कुठून? कुठून येतंय?”

जहर म्हणाली. माझ्या हातातला मग तसाच राहिला.

मोटारीच्या आवाजानं मधली दचकली आणि वाळूत डोकं खुपसून शेपटी मारली. वाळू उडाली. डब्याच्या कडेला गोल, हिरवं काहीतरी दिसलं. हिरवा गंज चढला होता. कुणाचं लक्ष नव्हतं. दीपमाला खोक्यावरचं वाचत होती, वैजनाथ तारा बघत होता. मी हात घालून काढला असता, पदरात बांधला असता, तर देवालाही कळलं नसतं.

मी म्हटलं, “माझा हाय तो.”

“काय?”

“पैसा. तांब्याचा. पहिल्या दिवशी टाकला मी. गंगेत टाकते तसा.”

दीपमालानं पैसा बाहेर काढला, हातावर ठेवला, माझ्याकडं पाहिलं. मी वाट बघत होते, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “बादल्या आणा. सगळ्या. प्लास्टिकच्या.”

मग काय धांदल! पेटीतलं निम्मं पाणी काढायचं, नवं मीठ कालवायचं, ओतायचं, पुन्हा काढायचं. सिंधु बादल्या भरते, वैजनाथ उचलतो, मी लाकडी रवी घेऊन समुद्र घुसळतेय! वहिदा, तू उपाशीपोटी भिंतीवरून तुझे टब देत होतीस. रोजा सोडायची वेळ झाली तेव्हा तू पेटीपुढंच उभी होतीस, खजूर हातात आणि डोळे धाकटीवर. “खा की गं बाई,” मी म्हटलं. तू म्हणालीस, “आक्का, आधी ती हलू द्या.”

आणि ती हलली. शेपटी, मग पंख. सरळ झाली. तेव्हा तू खजूर तोंडात घातलास. खोटं असेल तर खोड.

सगळं शांत झाल्यावर दीपमाला माझ्याजवळ बसली. “आज्जी, मला विचारायचं तरी.”

“तू मला सांगायचं. तुझं सगळं वहीत. माझ्यासाठी वही म्हणजे काळ्या मुंग्या.”

 तिनं माझ्या मांडीवर डोकं टेकलं. माझी सगळी साडी खारट झाली, समुद्रानंच म्हणायचं.

६ मार्च

नवी वाळू, नवा डबा. दीपमालानं मला कामावर ठेवलंय! रोज सकाळी ती मला नळीचा रंग दाखवते आणि मी सांगते, बरा की वाईट. ठिपक्यांचे किडे वाळूत लपतात कसे, परत येतात कसे, सगळं सांगितलं तिनं. आता मी खोलीत कुणाला खिशात हात घालून उभं राहू देत नाही. वैजनाथलासुद्धा. तो चष्मा शोधायला दिवसातून दहा वेळा येतो. आज म्हटलं, “तो वाळूत न्हाई रे.”

तिघी कोळंबीवर तुटून पडतात. फोडणी सुरू. पहिल्या दिवशी वैजनाथनं वरणाच्या तीन वाट्या घेतल्या.

आणि ऐक! थोरलीच्या पंखावरचा काळा टिपका पुसट झालाय. गालावर केशरी रेघ आलीय. दीपमाला म्हणते, आज्जी, तुला भास होतो. मी म्हटलं, मिसरूड बायकांनाच आधी दिसतं. दुपारी तिनं भिंग आणलं, पाहिलं, आणि दोघी अशा नाचलो की मोटार बंद पडली असती तरी कळलं नसतं.

आता थोरली मधलीला हाकलून लावते, पंख उभारून तोऱ्यात फिरते. अगदी अडत्यापुढं उभी राहिल्यासारखी.

१८ मार्च, पाडव्याचा आदला दिवस

काल लातूरला जाऊन आलो.

वैजनाथ म्हणाला, मला लातूरला काम आहेच, गाडी काढतो. काय काम ते शेवटपर्यंत कळलं नाही. गाडीत एसी लावला. माझ्यासाठी कधी लावला नव्हता. तीन डबे, झाकणं बांधलेली, माझ्या पायाशी. गंगेच्या पुलावर गाडी आली आणि सवयीनं माझा हात पदराच्या गाठीकडं गेला. दीपमालानं परत दिलेला तो पैसा, चिंचेनं घासून लाल केलेला. काच खाली घेतली. हात बाहेर काढला.

आणि खाली पाणी दिसलं. म्हटलं, हिच्यात पण मासे आहेत की. हिची नळी कोण बघतं?

हात आत घेतला. नुसते जोडले. पहिल्यांदाच गंगा रिकाम्या हातानं ओलांडली मी. गंगामाई, राग मानू नको. तुझ्याच लेकरांसाठी.

दवाखान्यात पोरांची ही गर्दी! डॉक्टरीणबाई घाईत. दीपमालानं हळूहळू तिघींना पाण्याची ओळख करून दिली, सोडलं, आणि तिघीही एका दमात वाळूत गडप!

एक पोरगं म्हणालं, “मासेच न्हाईत.” दुसरं रडायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी घड्याळ पाहिलं. “दीपमाला, एवढे दिवस मी हे बघायला थांबले?”

पोरगी वही उघडून पानं चाळू लागली. मग मीच पेटीपुढं मांडी घातली. “बसा बाई. पोरांनो, तुम्ही पण बसा. बाळंतीण पहिल्यांदा बाहेर आली की लाजती. आवाज करायचा न्हाई.”

बसली सगळी. डॉक्टरीणबाईसुद्धा, स्टुलावर. सुईचा ट्रे घेतलेली सिस्टर तशीच उभी. किती वेळ गेला देव जाणे. मग वाळू हलली. तोंड. डोळा. आणि थोरली वर आली. त्या पेटीतल्या उजेडात मीच तिला ओळखलं नाही! हिरवी, केशरी, पाठीवर निळी झाक. पुरता पाटील अजून नाही, पण येणाऱ्याला वाट सोडावी लागेल एवढा आहे.

रडणारं पोरगं बोट दाखवून ओरडलं, सिस्टरनं तेवढ्यात त्याला सुई टोचली, त्याला पत्ताच नाही! डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, “परभणीला माझी मैत्रीण विचारत होती. तुझा नंबर देऊ?”

वैजनाथ कोपऱ्यात उभा होता. शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होता, “आमच्या पोरीनं केलंय. सव्वा महिना वेगळं ठेवावं लागतं. तांबं मोजून टाकावं लागतं, जास्त झालं की जहर.” याला हे सगळं कुणी शिकवलं? हा तर चष्मा शोधायला यायचा.

परत आल्यावर त्यानं फोन करून कुणाला तरी सांगितलं, “खोली द्यायची न्हाई. दुकान हाय तिथं.” मग चष्मा डोळ्यावर लावून पेपर वाचत बसला.

वहिदा आत्ता विचारतेय, “आक्का, मग त्या पैशाचं काय केलं?”

दीपमालाच्या टेबलाला पत्र्याचा गल्ला आहे. त्यात टाकला सकाळी. भवानी झाली तिची. कोरडा आहे, मी आधी हात घालून बघितलं.